आप्पांचं ‘हं’

माझी माय फार बोलते, असं लिंबायतच्या आमच्या गल्लीत आता सगळेच म्हणतात. वहिनी म्हणते, शेजारणी म्हणतात, भाजीवालासुद्धा म्हणतो. हे ऐकलं की मला हसू येतं आणि रागही येतो. ज्यांनी तिला गेल्या दोन वर्षांतच पाहिलंय त्यांनी खुशाल बोलावं. मी तिला चाळीस वर्षं बघते आहे आणि त्यातली अडतीस वर्षं ती कुजबुजत होती.

त्याचं कारण आमचे आप्पा, धुडकू त्यांचं नाव. शिंदखेड्याकडच्या एका लहान गावातून ते सुरतला आले आणि बमरोलीला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, एका खात्यात लागले. इथे कारखान्याला खातंच म्हणतात. सुरुवातीला लिंबायतच्या एका खोलीत दोन बिऱ्हाडं होती, आमचं आणि काकांचं. काका दिवसपाळीला आणि आप्पा रातपाळीला, त्यामुळे एक पथारी दोघांना पुरायची. पुढे काका गावी परतले, एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या, पण आप्पांची रातपाळी सुटली नाही. रात्री शेठ नसतो, देखरेखीचा मास्तर डुलक्या काढतो, हवा गार असते, अशी कारणं ते द्यायचे. अडतीस वर्षं हा माणूस संध्याकाळी सातला डबा घेऊन निघाला आणि सकाळी आठला केसांत धाग्याची भुकटी घेऊन घरी आला.

आणि आल्यावर झोपला. आमच्या घरात देवापेक्षा आप्पांच्या झोपेचं सोवळं कडक होतं. शिट्टी होते म्हणून मायने कुकर कधी घेतलाच नाही. दाराच्या कडीला चिंधी बांधलेली असायची. मी आणि हेमराज, माझा धाकटा भाऊ, भांडायचं असलं तर गल्लीच्या टोकाला जाऊन भांडायचो आणि भांडण संपवून चवड्यांवर चालत घरात यायचो. समोरच्या चाळीतल्या एका कारीगराची झोप अर्धवट झाली आणि त्याचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला होता. माय त्याला बघायला गेली होती. तेव्हापासून घरात ताटली पडली तरी ती आमच्याकडे अशी बघायची की आमच्या तोंडाला आपोआप कुलूप लागायचं. त्या सगळ्याचा सूड म्हणून मी मास्तरीण झाले. आता भेस्तानच्या एका शाळेत दिवसभर ओरडते आणि त्याचाच पगार घेते.

माय मात्र त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत, झोपलेल्या आप्पांच्या शेजारी बसून मार्केटच्या साड्यांवर टिकल्या चिकटवायची. आप्पांचे हात झोपेतसुद्धा चालायचे. लूमच्या खात्यात मशीनचा इतका खडखडाट असतो की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडून उपयोग नसतो. तिथे कारीगर हातांनी आणि ओठांनी बोलतात. तळव्यावर तळवा घासला की बॉबिन संपली, टोपीला हात लावला की मास्तर येतोय, डोळ्यांवरून बोट फिरवलं की रात. आप्पा झोपेत हे सगळं कुणाकुणाशी बोलत असायचे आणि माय बघत असायची. पंधरा-वीस वर्षांत ती सगळी भाषा तिला येऊ लागली. आप्पांना तिने हे कधी सांगितलं नाही. मला सांगितलं तेव्हा चोरी पकडल्यासारखी लाजली होती.

दोन वर्षांपूर्वी आप्पांनी काम सोडलं. पहिला महिना ते दिवसभर घरात जागे असलेले बघून आम्हा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. घरात जागा माणूस आहे, बोललं तरी चालतं, हे मायच्या ध्यानातच राहायचं नाही. ती जवळ जाऊन ओठ हलवायची, आप्पा तिच्या तोंडाकडे बघून बरोबर उत्तर द्यायचे, आणि दोघांचं काम भागायचं. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. एकदा ती मला म्हणाली, “जयश्री, इतल्या वर्समा मी त्यासले काहीच सांगेल नही. बठ्ठं पोटमा शे. आते ते जागा शेत, त्यासनी ऐकाले पाह्यजे.” नवऱ्याने आपलं ऐकावं, एवढीच माझ्या मायची हौस. दागिना नाही, चारधाम नाही, काही नाही.

घरात ते जमेना. हेमराजची मुलं, टीव्ही, वहिनीची ये-जा. मग मायच्या डोक्यात समुद्र आला. समुद्र सुरतपासून हाकेच्या अंतरावर, आणि चाळीस वर्षांत या दोघांनी तो धड पाहिला नव्हता. डिसेंबर लागला होता. आमच्या खानदेशात तेव्हा माणसं शेकोट्या सोडत नाहीत, इथे किनाऱ्यावर मात्र अंगावर नुसतं कोवळं ऊन. मायने कळण्याच्या भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं, आणि दोघं सिटी बसने डुमसला गेली.

तिथे समुद्रच नव्हता. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली, आणि डोळे फुटेस्तोवर काळा चिखल. आप्पांना वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. भजीवाल्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, “काका, दरियो गयो छे, आवशे.” दोघांनी टमाट्याची भजी खाल्ली, भरीत-भाकरी खाल्ली, आणि समुद्र न बघता परत आली. हेमराजने महिनाभर त्यांना चिडवलं.

आप्पा मात्र चिडले नाहीत. पुढच्या रविवारी परत गेले, तर त्याच वेळेला समुद्र अगदी बांधापर्यंत आलेला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गायब. तेव्हा आप्पांनी घरी येऊन जाहीर केलं की समुद्राची आठवड्याला पाळी बदलते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारची हजेरी, अष्टमीच्या आसपास दुपारची सुट्टी. “मनासारखा पक्का रातपाळीना नही तो,” असं स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. कॅलेंडरवर त्यांनी खुणा केल्या आणि त्या हिवाळ्यात एकही फेरी वाया गेली नाही. कारीगराचं डोकं, दुसरं काय.

त्यानंतर दोन हिवाळे त्यांनी किनारा पालथा घातला. उभराट, दांडी, सुवाळी, परत डुमस. सकाळी निघायचं, ऊन उतरलं की परतायचं. माय चापूनचोपून लुगडं नेसायची. आप्पा पांढरी टोपी आणि हेमराजचे जुने बूट. जानेवारीत पोंक यायचा तेव्हा माय दर वेळी नाक मुरडायची, की हा तर आपला हुरडा, यांनी शेव टाकून त्याचा नवरदेव केलाय, आणि दर वेळी पाव किलो घ्यायची. वाळूवर सतरंजी टाकून दोघं समुद्राकडे तोंड करून शेजारी-शेजारी बसायची. माय बोलायची आणि आप्पा ‘हं’ म्हणायचे.

काय काय सांगितलं असेल तिने! लग्नात तिच्या आत्याने घातलेला खोडा. हेमराज झाला तेव्हा दवाखान्यात कुणी नव्हतं ते. मी शाळेत मार खाल्ला तो दिवस. काकूने मारलेले कुचके टोमणे, तारखेसकट. घरी आली की माय मला फोन करायची आणि तिचा आवाज ऐकून मला वाटायचं, ही कुणी दुसरीच बाई आहे. “ऐकतस व जयश्री ते,” ती म्हणायची, “मधमा एक शब्द बोलत नहीत. नुसतं हं, हं.” मी माझ्या नवऱ्याला आप्पांचं उदाहरण देऊ लागले. बायकोचं असं निमूट ऐकणारा पुरुष आमच्या अख्ख्या जातगोतात नव्हता.

यंदाच्या डिसेंबरात, दांडीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, माय बस पकडून एकटीच माझ्या घरी आली. चहा झाला. मग म्हणाली की काल त्यांना ते सांगून टाकलं.

‘ते’ म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. माझी आजी, मायची माय, वारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्हाला पोचायला उशीर झाला आणि आम्ही जाण्याआधी सगळं आटोपलं होतं. मायला तिच्या आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही. योगराजमामाने निरोप वेळेवर दिला नाही म्हणून आप्पांनी त्याला भर माणसांत बोल लावले. मामा आमच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याला, ज्याच्याकडे त्याने निरोपाचा फोन केला होता, शिव्या देत राहिला आणि आप्पा मामाला. पुढे कित्येक वर्षं आप्पा मामाच्या दारात गेले नाहीत. खरं असं होतं की निरोप सकाळी दहालाच आला होता. आप्पांना झोप लागून तासही झाला नव्हता, आणि रात्री त्यांना मशीनवर उभं राहायचं होतं. मायने त्यांना उठवलं नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती चार वाजेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिली आणि ते उठल्यावर म्हणाली, आत्ताच निरोप आला. मी आणि हेमराज तेव्हा शाळेत होतो.

“मंग? आप्पा काय बोलनात?” मी विचारलं.

“हं बोलनात,” माय म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा इतका मोकळा होता की मी तसा कधी पाहिला नव्हता. तीस वर्षांचा दगड त्या एका ‘हं’ने तिच्या छातीवरून उतरला होता. मला आप्पांचा फार अभिमान वाटला, खरंच सांगते.

जानेवारीत दोघं वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्यावर जायला निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. रामदासकाकाही आले. रामदासकाका म्हणजे आप्पांच्या शेजारच्या मशीनवर पंचवीस वर्षं उभा राहिलेला माणूस. भेस्तानहून सकाळची लोकल, वलसाडहून रिक्षा. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, त्यामुळे आप्पांच्या हिशेबाने समुद्र दिवसपाळीला होता, आणि होताही. लाटांचा आवाज गाड्यांच्या आवाजावर चढला होता. सतरंजी पसरून आम्ही बसलो. मध्ये आप्पा, त्यांच्या उजवीकडे माय, मायच्या पलीकडे मी. रामदासकाका भजी आणायला चाळीस-पन्नास पावलांवरच्या गाडीकडे गेले.

गाडीपाशी रांग होती. काकांनी तिथूनच आप्पांकडे बघून हात हलवले. माझ्या लेखी ती नुसती हातवारे करणारी दोन म्हातारी माणसं. मी हसले सुद्धा. पण माय एकदम ताठ झाली. मी तिच्याकडे पाहिलं तर ती आप्पांच्या हातांकडे बघत होती, नजर न हलवता.

“काय व्हयनं, माय?”

ती माझ्या कानाशी आली आणि जुन्या सवयीने कुजबुजली. काकांनी विचारलं होतं, सोमवारपासून येतोस ना, रात, काठी. आप्पांनी मान डोलावून ‘येतो’ म्हटलं होतं. मग मायकडे अंगठा करून ओठांवर बोट ठेवलं होतं. हिला सांगू नको. रामदासकाका एका नव्या खात्यात रात्रीचे वॉचमन होते आणि तिथे दुसरी जागा निघाली होती. मायला हे डोळ्यांसमोर, सगळ्या जगासमोर सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्या दोघांना वाटत होतं की ही भाषा फक्त खात्यातल्या माणसांची.

मायचा संताप मी फार थोड्या वेळा पाहिलाय. ती समुद्राकडे बघतच बोलली, पण मोठ्याने. “हेमराजना बाप, तुम्ही परत रातपाळी धरी राहिनात?”

“हं,” आप्पा समुद्राकडे बघत म्हणाले.

“माले सांगनं बी नही?”

“हं.”

“म्हंजे परत तुम्ही दिनले झोपशात आणि मी तोंड दाबीसन बठसू?”

“हं, हं.”

मला आप्पांचा इतका राग आला की मी उठणारच होते. इतकं निर्ढावलेलं ‘हं’ मी कुणाचं ऐकलं नव्हतं. तेवढ्यात माय अगदी साध्या आवाजात म्हणाली, “उद्या मी मरी जासू. चाली का?”

“हं,” आप्पा म्हणाले आणि समुद्राकडे बघून समाधानाने हसले.

मी आणि माय एकमेकींकडे बघत राहिलो. आप्पांना कमी ऐकू येतं हे आम्हाला माहीत होतं, लूमच्या कुठल्या कारीगराला बरोबर ऐकू येतं? पण घरात ते तोंडासमोर बसून चटचट उत्तरं द्यायचे. ते ऐकत नव्हते, ओठ वाचत होते. आणि बसमध्ये, वाळूवर, शेजारी बसल्यावर त्यांना मायचे ओठ दिसत नव्हते. दोन हिवाळे. सगळ्या फेऱ्या. दांडीसुद्धा.

माय उठली. गुडघे धरत, हळूहळू. मला वाटलं आता ही चालायला लागणार, थेट स्टेशनकडे. पण ती फिरून आप्पांच्या समोर आली आणि समुद्राकडे पाठ करून वाळूवर बसली. आप्पांनी चमकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“ऐकू येस का तुम्हले?” तिने विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग रामदासकाकांकडे. दोन्हीकडून सुटका दिसली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“नही,” ते म्हणाले. “तोंड दखायनं तं समजस. हाऊ समुद्र मशीननागत वाजस, त्याम्हा तं काहीच नही.”

“मंग हं काब्र म्हनेत?”

“तू इतली खुशीमा बोले, हेमराजनी माय. चाळीस वर्समा तुले अशी बोलतांना दखेल नव्हतं. मी कसं सांगू, की काहीच ऐकू येत नही?” मग ते खाली बघत म्हणाले, “खोटं हं म्हनीसन माले कटाळा उना. वाटनं, रातपाळी धरी लिऊ, म्हंजे तुना शब्द तरी वाया जावाव नहीत.”

मी आप्पांसमोर सरकून मध्ये तोंड घातलं, कारण माझ्याच्याने राहवेना. कानाला मशीन लावून घेऊ म्हटलं, डॉक्टरकडे मी नेते म्हटलं. आप्पा म्हणाले, मशीननेच कान खाल्ले, आता त्यात आणखी एक मशीन कोंबतेस का? पण नाही म्हणाले नाहीत. तेवढ्यात रामदासकाका भजी घेऊन येताना दिसले. आप्पांनी लांबूनच त्यांच्याकडे बघून डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि हात आडवा हलवला. रात नाही. काका जागेवर थांबले, आमच्याकडे पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखे भजी घेऊन दुसरीकडे जाऊन बसले.

माय काय विचार करतेय हे मला कळत होतं आणि मला भीती वाटत होती. दांडीचा तो मोकळा चेहरा आता तिच्याकडे नव्हता. तिला हवं असतं तर तिने ते पोटातच ठेवलं असतं. आप्पांना काही माहीत नव्हतं, मामा दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि मीही कुणाला सांगणार नव्हते. मी तिला खुणेने म्हटलंसुद्धा, जाऊ दे. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

तिने पदर नीट केला. आप्पांना तोंड दिसावं म्हणून वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारले, आणि एकेक शब्द सावकाश बोलली. “मनी माय गयी ना, त्या दिन निरोप सकायले उना व्हता. धा वाजता. योगराजनी चूक नव्हती. मी तुम्हले उठाडं नही.”

आप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. तिचे ओठ थांबल्यावरही बघत राहिले. त्यांच्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं, राग म्हणाल तर राग नाही, आणि मला पहिल्यांदा आप्पा म्हातारे वाटले.

“सकायपाईन चार वाजालोंग?” त्यांनी विचारलं. “एकलीच बठेल व्हती?”

मायने मान हलवली.

“काब्र नही उठाडं?”

“तुम्ही झोपेल व्हतात. रातले मशीनवर हुभं राहाणं व्हतं.”

आप्पांनी दोन्ही हात पुढे करून तिचे हात धरले. आमच्या घरात असलं काही कुणी कुणासमोर करत नाही, म्हणून मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण मी बघितलं नाही.

“उठाडती तं उठी जातू मी,” ते म्हणाले. “तुनी माय व्हती ती. मी उठी जातू.”

इतक्या साध्या गोष्टीचा आमच्यापैकी कुणी कधी विचार केला नव्हता. मायने सवयीने पदराचं टोक तोंडाकडे नेलं, आप्पांनी ते धरून खाली केलं, आणि माझी माय तिच्या आईसाठी मोठ्याने रडली. मी तिला मोठ्याने रडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. उंटवाला थांबला, भजीच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली, तरी तिने आवाज कमी केला नाही.